सप्रेम भेट गेलेला ट्रक

मी कळंबहून परत आलो, तर हॉलमधल्या काचेच्या कपाटात माझ्या ट्रकच्या जागी एक नारळ ठेवलेला होता.

नारळाला हळदकुंकू लावलेलं होतं. म्हणजे चोर धार्मिक होता. मी बायकोकडे पाहिलं.

"माह्याकडे कायले पाहता जी? मी तं तुमच्यासंगच होती," ती म्हणाली.

खरंच होतं ते. आम्ही दोघं सकाळीच कळंबच्या चिंतामणी गणपतीला गेलो होतो. चतुर्थी होती आणि तिचा नवस होता. चौदा महिने आमचं जेवणाचं टेबल माझ्या कातऱ्या, ब्लेडं, कानशी आणि गोंदाच्या बाटल्यांनी व्यापलेलं होतं. घरातली माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवत होती. 'यांचा ट्रक पुरा होऊ दे आणि माझं टेबल मोकळं होऊ दे, एकवीस मोदक वाहीन,' असं तिनं गणपतीला सांगून ठेवलं होतं. ट्रक पुरा झाला, टेबल मोकळं झालं, मोदक वाहिले. आणि इकडे ज्याच्यासाठी मोदक वाहिले ते कपाटातून गायब. देवाशी व्यवहार करावा तर लेखी करावा, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं.

आता हा ट्रक म्हणजे काय, ते सांगतो. नाहीतर वाटेल, एवढा बावन्न वर्षांचा हेडक्लार्क खेळण्यासाठी रडतो आहे. माझ्या कार्यालयात असंच वाटतं.

प्लास्टिकच्या ट्रकचे किट मिळतात. खोक्यात सुटे भाग असतात, ते कापायचे, घासायचे, जोडायचे. खऱ्याच्या चोविसाव्या हिश्श्याचा, फूटभर लांबीचा ट्रक तयार होतो. माझ्या खोक्यावर लांब नाकाचा परदेशी ट्रक होता, मागे बर्फाचा डोंगर. मी पहिल्याच दिवशी त्याचं नाक करवतीनं कापलं. खोक्यातलं फक्त चेसिस, इंजिन आणि चाकं ठेवली. बाकी केबिन, मागची बॉडी, तिच्या शेवटी खाली पडणारा फाळका, आरसे, टपावरचा कठडा, सगळं हातानं केलं. कारण मला हवा होता आपल्याकडचा जुना लाकडी बॉडीचा ट्रक, आणि तो कोणत्याही खोक्यात मिळत नाही.

त्यापायी घरात फार चोऱ्या केल्या. बॉडीच्या लाकडासाठी आइसक्रीमच्या काड्या. डिझेलच्या नळीसाठी सलाईनची नळी. सायलेन्सरसाठी पेनची रिफिल. आरशांसाठी गोळ्यांच्या पाकिटाची चांदी. मागच्या लाल दिव्यांसाठी बायकोच्या टिकल्या. त्या तिनं मोजून ठेवल्या होत्या, हे मला माहीत नव्हतं. सीटसाठी मुलीच्या शाळेच्या दप्तराचं रेग्झिन. रेडिएटरच्या जाळीसाठी चहाची गाळणी कापली तेव्हा मात्र घरात दोन दिवस चहा झाला नाही. एक हेडलाइट मला शिंक आली म्हणून उडाला, तो अजून सापडलेला नाही. दोनदा अंगठा कापला, एकदा दाढीला गोंद लागला. चष्म्यावर चष्मा घालून मी टेबलाशी बसलो की मुलगी म्हणायची, "बाबा, तुम्ही ऑपरेशन करून राह्यले की शिवणकाम?"

पण हे सगळं मी स्वतःसाठी केलं नव्हतं. सांगायचा मुद्दा तोच आहे.

मी सात वर्षांचा असताना वडलांची बदली पांढरकवड्याला झाली होती. आमच्या भाड्याच्या घराच्या भिंतीला लागूनच एका मिस्त्रीचं बॉडी बांधायचं अंगण होतं. तेव्हा कंपनीतून ट्रक यायचा तो नुसता चेसिस आणि इंजिन. केबिन नाही, दार नाही, काच नाही. ड्रायव्हर डोळ्याला गॉगल आणि तोंडाला दुपट्टा बांधून, एका लाकडी पेटीवर बसून तो सांगाडा शेकडो मैल हाकत आणायचा. उतरला की त्याच्या भुवयासुद्धा मातीच्या असायच्या. मग मिस्त्री त्या सांगाड्याभोवती फिरायचा, वितीनं मोजायचा, आणि महिन्या-दीड महिन्यात अंगणातून पुरा ट्रक बाहेर पडायचा. म्हणजे आपल्याकडचा प्रत्येक ट्रक अर्धा कारखान्यात आणि अर्धा कुणाच्या तरी अंगणात जन्माला यायचा. मी शाळेतून आलो की लाकडाच्या भुशाच्या ढिगावर बसून ते पाहत असे. मिस्त्री मला कधी हाकलत नसे. कधी लाडही करत नसे. फक्त म्हणायचा, "बाबू, खिळ्यावर बसू नको, मग तुझी माय मले बोलते."

दीड वर्षापूर्वी मी कार्यालयाच्या कामानं तिकडे गेलो होतो तेव्हा त्याच्या घरी डोकावलो. आता केबिनी कंपनीतूनच तयार येतात, नियमही तसेच झाले आहेत. अंगणात गवत होतं. मिस्त्री ऐंशीच्या घरात, बाजेवर बसलेला, उजवा हात थरथरता. म्हणाला, "पोरगा हैदराबादले नेऊन राह्यला मले. घर विकलं की जाणार. एकबी गाडी उरली नाई बाबू, सगळ्या भंगारात गेल्या. वहां लोग पूछेंगे, चाचा आप क्या करते थे? मी काय दाखवू? हात दाखवू?"

सांगितलेली कोथिंबीर घरी आणण्याचाही ज्याच्यावर भरवसा नाही, असा मी तिथं बोलून बसलो, "मी देतो तुम्हाला दाखवायला. थांबा."

घर विकलं गेलं. रविवारी पाच वाजता त्याचा मुलगा त्याला गाडीनं घेऊन निघणार होता. मी ट्रक घेऊन रविवारी दुपारी जाणार होतो. आणि आज शनिवार होता, आणि कपाटात नारळ होता.

मी जिन्यातून वर हाक मारली. वरच्या मजल्यावर माझा मोठा भाऊ राहतो. निवृत्त मास्तर आहे आणि कॉलनीच्या मंडळाचा चिटणीस आहे. गावात कुणीही निवृत्त झालं, बदलून आलं, बदलून गेलं, कुणाचा नातू दहावीला पास झाला, की शाल घेऊन हा हजर. स्टेजवर उभं राहायला मिळणार असेल तर तो कुणाचाही सत्कार करेल. त्याचा जीव चांगला आहे. त्या दिवशी मात्र मला तो चांगुलपणा दिसला नाही.

"दादा, ट्रक कुठं आहे?"

"तू बस आधी. पाणी पे."

"पाणी नको. ट्रक."

"अरे, आपल्या तहसीलदार साहेबांची बदली झाली, त्यांचा निरोप समारंभ नव्हता का आज? दुकानदारानं ऐनवेळी घोळ केला. दोन ऑर्डरींची अदलाबदल. आपल्या स्मृतिचिन्हावर छापून आलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. साहेब स्टेजवर बसलेले, जिवंत. ते कसं द्यावं सांग बरं?"

बायको तोंडाला पदर लावून आत गेली. मी हसलो नाही.

"मग?"

"मग मी धावत घरी आलो, का काही तरी घेऊन जावं. तं हे दिसलं. रिकामी जागा बरी दिसत नाही म्हणून सत्काराचा नारळ ठेवला तिथं. एवढं सुंदर काम! मंडळाची इज्जत राह्यली तुझ्या हातानं. माइकवर तुझं नावबी घेतलं मी."

"मला फोन का नाही केला?"

"केलता. दोनदा. बंद होता तुझा."

होता बंद. मीच देवळात बंद केला होता. अशा वेळी आपलीच बाजू लंगडी निघते, त्याचा राग वेगळा येतो. तोही मी भावाच्याच खात्यात टाकला.

"अन् नुसतं नाही देल्लं," भाऊ खुशीत सांगू लागला, "पितळी पट्टी होती मंडळाची, 'सप्रेम भेट' वाली. ती लावून देल्ली."

"कुठं लावली?"

"मागच्या फाळक्यावर. मधोमध."

त्या फाळक्यावर मी दोन महिने घालवले होते. तीन केसांच्या ब्रशनं दोन मोर, एक कमळ आणि 'हॉर्न प्लीज' काढलं होतं.

"कशानं लावली?"

"तो झटपट गोंद नसते का? एका सेकंदात पक्की. आता हत्तीनं ओढली तरी निघत नाही."

त्या गोंदाची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसली की पांढरी बुरशी आल्यासारखी काच आंधळी होते. हे मॉडेल करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. मी त्या गोंदाला चौदा महिने टेबलाजवळ येऊ दिलं नव्हतं. भावाला मी काय बोललो ते इथं लिहीत नाही. मास्तर होता, सुशिक्षित माणूस आहे, पण मी वापरलेले दोन शब्द त्यालाही नवे असावेत. मुलीनं खिडक्या लावून घेतल्या.

"एका खेळण्यापायी मोठ्या भावाले असं बोलतेस?" तो म्हणाला.

"खेळणं नाही ते. मी उद्या ते परत आणणार."

"स्टेजवर देल्लेली वस्तू परत मागाची? फोटो निघाले बाबू! उद्या सगळं गाव म्हणीन, मंडळानं शाल टाकली अन् मागून ओढून घेतली!"

"म्हणू दे."

"काहून असा करतेस? तुह्यापाशी हात आहेत. दुसरा कर न."

'दुसरा कर'. चौदा महिन्यांचं काम. पाच वाजता निघून जाणारा म्हातारा. दुसरा कर, म्हणे.

रविवारी सकाळी मी साहेबांच्या बंगल्यावर निघालो, तर भाऊ आधीच गाडी काढून फाटकात उभा. मी एकटा गेलो तर मंडळाचं नाक कापून येईन, ही त्याला भीती. मागच्या सीटवर त्यानं एक कोरी शाल आणि कपाटातला तोच नारळ ठेवला होता. ट्रकच्या बदल्यात देणार होता म्हणे. मी वाटेत मनात भाषण घोळवत होतो. साहेब, ही वस्तू आपल्याला आवडली हे मी जाणतो, आपण कलेचे चाहते आहात, पण हिच्यात एका वृद्ध कारागिराचा जीव अडकला आहे. असं बरंच. साहेब जड मनानं ट्रक माझ्या हाती देतात, इथपर्यंत मी मजल मारली होती.

बंगल्यासमोर सामान भरणं चालू होतं. साहेब बनियनवर कुलरच्या दोऱ्या बांधत होते. भावानं नमस्कार केला, मी केला. भावानं शालीची घडी छातीशी धरून विषय काढला.

"ट्रक?" साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "कोणता ट्रक?"

"कालचा, साहेब. आपल्या मंडळाचा. स्टेजवरचा."

साहेबांना आठवेना. काल म्हणे तीन ठिकाणी निरोप झाले होते. त्यांनी आत हाक मारली. बाईसाहेब पदर खोचून बाहेर आल्या. घाम, डोक्याला रुमाल, हातात मार्कर पेन.

"आलेल्या वस्तू का? त्या तिकडं, व्हरांड्यात," त्या म्हणाल्या. "आम्ही नेत नाही हो त्या. पाच बदल्या झाल्या, प्रत्येक वेळी दोन पेट्या याच. हे खोकं शाळेला द्यायचं आहे, ते दुसरं असंच, टाकायचं. बघा तुम्हीच."

व्हरांड्यात कोपऱ्यात दोन खोकी होती आणि खोक्यांबाहेरही ढीग होता. न चालणारी घड्याळं. काचेच्या ज्योती. घोडे, मोर, समया. उभा गणपती, बसलेला गणपती, आडवा गणपती. एका पेन-स्टँडवर पृथ्वीचा गोल. सगळ्यांवर पितळी पट्ट्या, सगळ्यांवर सप्रेम. मी गुडघ्यावर बसून उपसायला लागलो.

माझा ट्रक 'असंच'च्या खोक्यात होता. उलटा. त्याच्यावर दौत आणि मोरपीस असलेलं एक पितळी प्रकरण. डाव्या आरशाचा दांडा मोडलेला, सायलेन्सर वाकलेला, पुढची काच दुधाळ. फाळक्यावर मोरांच्या माना आणि कमळ झाकत मंडळाची पट्टी.

आतापर्यंत मी ज्या साहेबावर रागावलो होतो तो माझा ट्रक आवडून घेऊन चाललेला साहेब होता. हा दुसराच निघाला. त्यानं निदान पोरांना खेळायला तरी द्यायचा होता. आवडून नेला असता तर मी भांडलो असतो, हात जोडले असते, पाया पडलो असतो. पण जो माणूस एखादी वस्तू पाहतच नाही, त्याच्याशी भांडायचं तरी कसं?

"तुमचा आहे ना? न्या हो," बाईसाहेब म्हणाल्या. "तेवढाच एक कमी."

मी उठलो तर भाऊ अजून खोक्याशी वाकलेला. त्याच्या हातात एक चौकोनी पाकीट होतं. चमकीचा कागद, वर आमच्या मंडळाचं लेबल. गेल्या वर्षी साहेबांच्या वाढदिवसाला मंडळानं दिलं होतं. भावानं स्वतः नागपूरला जाऊन आणलेलं. कागद उघडलेलासुद्धा नव्हता. त्यानं ते पाकीट होतं तसं ठेवलं, शाल काखेत मारली, आणि नारळ व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवून गाडीत जाऊन बसला. साहेबांना नमस्कार करायचा विसरला. त्याच्या सत्तर वर्षांत हे पहिल्यांदा झालं असावं.

मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. उलट वाटलं, बरं झालं.

बारा वाजून गेले होते. "चाल, मी नेतो तुले पांढरकवड्याले," तो म्हणाला. मांडीवर ट्रक घेऊन बसलो. घरून फक्त माझी हत्यारांची पेटी उचलली. बायकोनं चार पोळ्या आणि चटणी डब्यात दिली आणि हळूच म्हणाली, "भांडा, पण गाडी चालू असताना नका भांडू जी." म्हणून आम्ही गाडी थांबवून भांडलो. दोनदा.

पहिल्यांदा त्यानं विचारलं, "आता भेटला न परत? मग तोंड कायले पाडून बसला?"

मी आरशाचा दांडा दाखवला. काच दाखवली. फाळका दाखवला. माझा आवाज चढला तसा त्याचाही चढला.

"तू सांगतच नाही कोणाले काही! चौदा महिने टेबलावर बसला, मले एकदा तरी म्हटलं, का हे मिस्त्रीसाठी आहे? मी रोज वरून उतरतो, विचारतो, काय चालू आहे. तू म्हणते, 'काही नाही, टाइमपास.'"

मी तसंच म्हणत होतो. हसतील म्हणून. हेही खरं होतं, आणि मला त्या वेळी कोणतंही खरं नको होतं. मी दार आपटलं. ते नीट लागलं नाही म्हणून पुन्हा उघडून आपटलं.

दुसऱ्यांदा करंजीला, हायवे लागतो तिथं. ते कशावरून ते आठवत नाही. बहुतेक चटणीवरून.

मिस्त्रीच्या दारात पोचलो तेव्हा पावणेतीन झाले होते. अंगणात मुलाची गाडी आधीच लागलेली, डिकीत गाद्या. मिस्त्री पांढरा कुडता घालून बाजेवर बसला होता. बाजही आता दुसऱ्याची, घरासोबत विकलेली. मी ट्रक त्याच्या मांडीवर ठेवला. वाटेत ठरवलं होतं, काचेबद्दल, फाळक्याबद्दल आधीच माफी मागायची. त्यानं संधीच दिली नाही. त्यानं ट्रक दोन्ही हातांनी उचलला आणि उलटा केला.

आधी वाटलं, हातातून पडतो आहे. पण नाही. त्यानं मुद्दामच उलटा केला होता. केबिन नाही पाहिली, कठडा नाही, मोर नाही. चाकं वर करून तो बॉडीच्या पोटाशी डोळे नेऊन पाहत होता. चेसिसवर आडव्या लाकडी तुळया टाकतात, त्यांच्यावर अख्खी बॉडी बसते. थरथरत्या बोटानं तो त्या मोजत होता. दोनदा मोजल्या.

"कितीक टाकल्या?"

"नऊ, चाचा."

"नऊ." त्यानं मान वर केली. मी त्याला लहानपणापासून पाहिलं होतं, पण असा चेहरा पाहिला नव्हता. "माझी गाडी अन् नऊ आडव्या? अबे, मी कधी नऊ टाकल्या? अकरा! हर गाडी में ग्यारह! नऊवर कापसाच्या गाठी भरल्या तं पह्यल्याच खड्ड्यात बॉडी बसते. लोक काय म्हणतीन? मिस्त्रीनं लकडी खाल्ली! मालकाची लकडी चोरली!"

"चाचा, मी फोटोवरून मोजल्या..."

"फोटो!"

वडलांनी काढलेला एकच फोटो होता. मी, आई आणि मागे मिस्त्रीचा नवाकोरा ट्रक. भिंग लावून त्यात दिसल्या तेवढ्या आडव्या मोजल्या होत्या, नऊ. दोन मागच्या चाकांच्या आड असणार, हे डोक्यात आलंच नाही. तीस वर्षं कारकुनी केली की असं होतं. कागदावर दिसतं तेवढंच जगात आहे, असं वाटायला लागतं. मिस्त्री जिवंत होता, त्याच्याकडे फोन होता, मी एकदा विचारू शकत होतो. टिकल्या चोरल्या, गाळणी कापली, पण हे विचारलं नाही.

आणि तरी मला राग आला. मिस्त्रीचाच. मी म्हणालो, "चाचा, एवढं वरचं काम केलं मी, ते पाहा तरी. हे दादानं पट्टी लावून खराब केलं, काच पांढरी झाली, त्याबद्दल..."

"काच? काच माझी नोहे. काच काचवाला लावे. रंग पेंटरचा. मोरबी पेंटरचे." त्यानं पट्टीवर नख आपटलं. "हे काय आहे?"

भाऊ पुढे आला. ओशाळून म्हणाला, "सप्रेम भेट."

"काढ."

"निघत नाही चाचा. रंग येईल सोबत."

मिस्त्रीनं मुलाकडून डिकीतली हत्यारांची थैली मागवली. गाद्यांखालून निघायला वेळ लागला. मुलगा कुरकुरला, "अब्बा, पाच बजे निकलना है." मिस्त्रीनं त्यातली अरुंद पटाशी काढली, पट्टीखाली घातली आणि एक हिसका दिला. पट्टी उडाली. त्यासोबत माझे दोन मोर, कमळ आणि 'हॉर्न'. खाली उघडं लाकूड राहिलं. दोन महिने गेले एका हिसक्यात. मी डोळे मिटले.

"आता गाडी दिसली," मिस्त्री म्हणाला. "अंगणातून निघे तवा अशीच निघे."

भाऊ माझ्याकडे पाहत होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानं जे जे बिघडवलं होतं त्यातलं काहीच मिस्त्रीच्या हिशेबात नव्हतं. जे चुकलं होतं ते माझं, आणि ते कपाटात असतानाही चुकलेलंच होतं. मला याचाच फार राग आला, की भावावर रागावायला जागाच उरली नव्हती. ती मी दोन दिवस मोठ्या मेहनतीनं तयार केली होती.

"लकडी दे," मिस्त्री म्हणाला.

माझ्याकडे आइसक्रीमच्या काड्या होत्या. त्यानं एक नाकाशी धरली आणि फेकून दिली. थैलीच्या तळातून सागाची एक चपटी ढलपी काढली, कुठल्या तरी जुन्या बॉडीची. हात थरथरत होता, पण पटाशी लाकडाला लागली की थरथर थांबायची. उचलली की पुन्हा सुरू. माचिसच्या काडीएवढ्या दोन तुळया त्यानं काढल्या. एक तुटली, तिसरी काढली. मी चिमट्यानं धरायचो, तो ओरडायचा, "दाब मत, बसव!" मी घाईत मागच्या चाकाचा आस सैल केला, तर म्हणाला, "कारखान्यावाल्यासारखं हडबड नको करू." भाऊ माझा मोबाइल धरून उजेड पाडत होता. माझा हात हलला की तो हळूच "हं, हं" करायचा, शाळेत पोरांची अक्षरं गिरवून घेत असल्यासारखा. मी एकदा म्हटलं, "तू बोलू नको." तो गप्प झाला. उजेड मात्र हलू दिला नाही.

अकरावी तुळई बसली तेव्हा मुलानं तिसऱ्यांदा हॉर्न वाजवला. सव्वापाच झाले होते. गोंद वाळायला एक तास लागतो, हे मी सांगत होतो. मिस्त्री ऐकत नव्हता. मुलानं हात धरून त्याला पुढच्या सीटवर बसवलं. त्यानं ट्रक मांडीवर घेतला, चाकं वर, पोट वर. उलटाच. मी खिडकीशी गेलो. चौदा महिने, दोनदा कापलेला अंगठा. म्हटलं, आता तरी काही बोलेल.

त्यानं दोन नव्या तुळयांवर अंगठा ठेवला.

"या दोन माझ्या," तो म्हणाला. "हैदराबादले हेच दाखवीन. बाकी नऊ तुझ्या आहेत. कच्च्या आहेत."

गाडी निघाली. मागच्या काचेतून दिसलं, मुलगा काही विचारत होता आणि मिस्त्री ट्रक उलटाच धरून त्याला आतून बोट घालून दाखवत होता. मग गाडी हायवेला वळली.

भाऊ मागे येऊन उभा राहिला. "काय म्हणे चाचा?"

"कच्च्या म्हणे."

भाऊ हसायला लागला. पोट धरून हसला. सत्तर वर्षांचा माणूस, दुसऱ्याच्या विकलेल्या बाजेवर बसून. मी हसलो नाही. मी मिस्त्रीला मनात उत्तर देत होतो. नऊच्या नऊ तुळया मी कशा घासल्या, कशा मापात बसवल्या, केसाइतका फरक नाही, वगैरे. अजूनही देतो. आंघोळ करताना, बसमध्ये, कार्यालयात सही करता करता. कच्च्या म्हणे.